चौरस फुटांचा तोटा

“मान डोलावू नका. तोंडाने म्हणा.”

अण्णांचा हा आवाज मधलीने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती या घरची सून नव्हती. ऑडिट करणाऱ्या कंपनीची कारकून म्हणून ती आठ दिवसांसाठी ब्रशच्या या कारखान्यात आली होती आणि पॅकिंगच्या लांब टेबलाच्या कोपऱ्यावर बसून एक चमत्कारिक प्रकार बघत होती. ताळेबंद तयार झाला की कारखान्याचे मालक अण्णा अख्खं घर त्या टेबलाभोवती बसवत. आकडे मोठ्याने वाचले जात. मग धाकट्यापासून थोरल्यापर्यंत एकेकाने एकच शब्द बोलायचा: बरोबर. वाचणाऱ्याची पाळी सगळ्यांत शेवटी. अण्णांच्या पहिल्या भागीदाराने म्हणे सगळ्या आकड्यांना मान डोलावली होती, आणि पुढे कोर्टात सांगितलं होतं की आपली मान आखडली होती म्हणून हलवली. तेव्हापासून या घरात मानेवर कुणाचा विश्वास नव्हता.

खर्जातला, किंचित खरखरीत आवाज. लाकडाच्या भोकातून तार ओढताना निघतो तसा. माणूस जाऊन नऊ वर्षं झाली, आवाज मात्र टेबलाच्या लाकडात मुरून राहिलेला.

आठ दिवसांसाठी आलेली ती पोरगी मधल्या मुलाची बायको होऊन तिथेच राहिली. “तपासायला आली आणि वस्तीलाच राहिली,” असं थोरले दीर चारचौघांत सांगत आणि स्वतःच हसत. अठरा वर्षं तोच विनोद, तेच हसू. ताळेबंदात एवढी जुनी मालमत्ता केव्हाच निकालात काढली असती.

आज शनिवार. दुपारी तीनची वेळ. टेबल ओल्या फडक्याने पुसलेलं, वर पाच खुर्च्यांपुरता पांढरा कागद अंथरलेला. डावीकडे काचेपलीकडे यंत्रघर होतं, छोटंसं, आटोपशीर. त्यात हिरव्या रंगाचं एकच यंत्र, आज सुट्टीवर. उजवीकडच्या काचेपलीकडे हॉल. लांबच लांब, उंच खिडक्यांचा, उजेडाने भरलेला. तिथे अठरा बायका दोन रांगांत बसून हाताने ब्रश भरत होत्या. केसांची जुडी दुमडायची, भोकात घालायची, मागून तार ओढायची. त्यांना सुट्टी नव्हती. सोमवारी माल जायचा होता, तातडीचा. त्यांचा हॉल बंद करायचा ठराव याच काचेअलीकडे व्हायचा होता, पण थोरल्यांचा स्वभाव मोठा व्यवहारी. माणसं काढायची ठरली तरी तोवर ओव्हरटाइम कशाला बुडवा?

“सर, चहा घ्या ना,” थोरले म्हणाले.

सर म्हणजे सल्लागार. वय असेल तिशीच्या आत, गळ्यात टाय, पुढ्यात लॅपटॉप. आठ महिन्यांपूर्वी कारखान्यात आला तेव्हा त्याने ब्रश हातात घेऊन विचारलं होतं, “याचे केस कुठल्या बाजूने असतात?” त्यानंतर त्याने फारसे प्रश्न विचारले नाहीत. त्याची फी मधलीच दर महिन्याला लिहीत असे. तेवढ्यात हॉलातल्या चार बायकांचा पगार झाला असता.

चहा आत्याने आणला. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, हॉलाची कारभारीण. चाळीस वर्षं ती हॉलाच्या टोकाला बसत होती, बायकांना शिकवत होती, बिघडलेलं सुधारत होती. पगार नव्हता. “घरच्या माणसाला कसला पगार?” असं अण्णा म्हणत, आणि त्यांचा आवाज तेव्हाही तितकाच खणखणीत असे. घरचं माणूस असूनही तिच्या नावावर शेअर नव्हता, कारण शेअर मुलांना आणि एका सुनेला. म्हणजे टेबलाभोवतीच्या खुर्च्यांत तिची खुर्ची नव्हती आणि ‘बरोबर’ म्हणायची पाळीही नव्हती. कारखान्याच्या सगळ्या वह्यांत आत्या एकाच ठिकाणी सापडायची: किरकोळ खर्चात, चहापत्तीच्या ओळीत.

“चहात साखर कमी आहे गं आत्या,” नणंद म्हणाली. ती आज सकाळच्या गाडीने आली होती. येताना स्टेशनवरूनच मधलीला फोन करून रडली होती. *वहिनी, हॉल बंद करायचा म्हणे? माझं बालपण गेलं त्या हॉलात. मी दादाला सरळ सांगणार आहे.*

“साखरेचा खर्च वाढतो म्हणाला दादा तुझा,” आत्या म्हणाली.

“मी असं कधी म्हणालो?”

“तू नाही रे. तुझ्या सरांनी कागदावर लिहिलंय. भिंतीला लावलाय. बचतीच्या बारा सूचना. सातवी साखरेची.”

सल्लागार चहाच्या कपात बघू लागला. मधलीच्या नवऱ्याला हसू आलं होतं, ते त्याने खोकल्यात बसवलं. तो कारखान्याची विक्री बघायचा. गिऱ्हाईक बोलेल त्याला हो म्हणायची त्याला इतकी सवय झाली होती की घरातही समोर जो बसेल तो गिऱ्हाईक. काल संध्याकाळी त्याने आत्याला शब्द दिला होता, “हॉलाला हात लावू देणार नाही.” रात्री जेवताना थोरल्या भावाला म्हणाला होता, “तुझंही चुकत नाही.” दोन्ही मनापासून.

“सुरू करू या,” थोरले म्हणाले. “सर, तो गोल दाखवा.”

भिंतीवर रंगीत गोल उमटला. निळी फोड, हिरवी फोड, आणि एक लाल फोड, कलिंगडाएवढी.

“लाल म्हणजे हॅन्ड सेक्शन,” सल्लागार म्हणाला. “म्हणजे हॉल. या वर्षीचा तोटा सहा लाख चाळीस हजार. मशीन सेक्शनचा नफा आठ लाख. म्हणजे मशीन कमावतं आणि हॉल खातो. गेली बारा वर्षं हाच ट्रेंड आहे. आकडे स्वतःच बोलतात.”

मधलीने पुढ्यातल्या तक्त्यावर हात ठेवला. तक्ता तिनेच केलेला. आकडे स्वतः बोलत असते तर तिला अठरा वर्षं घसा कशाला खरवडावा लागला असता? आकड्यांइतकं घुमं जगात काही नसतं. आपण तोंडात घालावं तेवढंच ते बोलतात, आणि तेही असं ठामपणे की घालणारा स्वतःच दचकावा.

“बारा वर्षं!” थोरले टेबलावर बोट आपटत म्हणाले. “बारा वर्षं मी हे पोसतोय. मी आजवर बोललो नाही, कारण आत्या. पण भावना एका बाजूला आणि हिशेब एका बाजूला. हे माझं मत नाहीये, हे आकडे आहेत. माझं मत विचाराल तर मला हॉल आवडतो.”

“मग राहू दे की,” आत्या म्हणाली.

“आत्या, तू यात पडू नकोस. हॉल विकला तर त्या जागेचे केवढे येतात माहितीये? सर, सांगा.”

सल्लागाराने आकडा सांगितला. नणंदेने चहाचा कप हळूच खाली ठेवला.

“प्रत्येकाच्या वाट्याला?” तिने विचारलं.

“निम्म्यात दुसरं यंत्र घेऊ. उरलेले तुम्हा सगळ्यांना.”

नणंद काचेतून हॉलाकडे बघत राहिली. तिचं बालपण तिथेच कुठेतरी होतं, पण आता ती ते चौरस फुटांत बघत असावी. “तसं पाहिलं तर,” ती म्हणाली, “बायकांचेही हालच होतात ना गं आत्या. पाठी दुखतात त्यांच्या. किती दिवस त्यांनी तरी...”

“त्यांच्या पाठीचीच काळजी आहे सगळ्यांना,” आत्या म्हणाली. “म्हणून पाठ सरळ करायला घरी पाठवतायत.”

“आत्या, टोमणे नकोत,” थोरले म्हणाले.

“बरं. मग एक विचारते. ती पोती कुठल्या रंगात आहेत?”

“कसली पोती?”

आत्याने काचेकडे बोट केलं. हॉलाच्या दारात चार पोती उभी होती. “यंत्रातून निघालेले ब्रश. पंचवीसला सहा-सात टकले निघतात. एका अंगाला केस बसतच नाहीत. ते पोत्यात भरून आमच्याकडे येतात. आम्ही उपसतो, पुन्हा भरतो आणि तुमच्या खोक्यात परत घालतो. आज सकाळपासून त्या अठरा जणी तुझ्या यंत्राचेच ब्रश भरतायत. ते तुमच्या त्या कलिंगडात कुठे बसतं?”

सल्लागाराने लॅपटॉपवर दोन-तीन बटणं दाबली. “अशी एन्ट्री दिसत नाही,” तो म्हणाला. “काही चलन, स्लिप वगैरे?”

“कागद आहे का आत्या?” थोरल्यांनी विचारलं. “किती ब्रश, कुठल्या तारखेला? काही लिहून ठेवलंयस?”

“या दारातून त्या दारात जाणाऱ्या पोत्याची चिठ्ठी कोण करतं रे?”

“मग झालं तर. कागद नाही म्हणजे नाही. उगाच यंत्राला नावं ठेवू नकोस.” त्यांनी मधलीकडे बघितलं. “मधले, तूच सांग. तू हिशेबातली आहेस.”

“कागद नाहीये,” मधली म्हणाली. ते खरं होतं.

आत्याने रिकामे कप गोळा केले. ट्रे जड होता म्हणून मधली मागोमाग उठली. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

हॉलाचं दार ढकललं आणि आतला सूर अंगावर आला. बायका गात होत्या. शिंप्याजवळ जशी टेप, तसं या हॉलात गाणं, मोजायचं साधन. एका ब्रशला एकशेवीस भोकं. कडव्याला दहा भोकं, बारा कडव्यांत एक ब्रश. गाणं चुकलं तर भोक चुकलं. पोरी कामाला लागल्या की आत्या त्यांना आधी गाणं शिकवायची, मग तार.

> दहा गं भरियेली, ओळ पहिली सरली
> सरळ ठेव पाठ बाई, माळ अर्धीच भरली

आणि बारावं कडवं संपल्यावर आज आणखी एक ओळ येत होती, खिदळत, एकमेकींना कोपराने ढोसत:

> यंत्रानं दिलं बाळ, टकलं गं टकलं
> हॉलातल्या मावशांनी मांडीवर घेतलं

“ही ओळ कधीपासूनची?” मधलीने विचारलं.

“यंत्र आल्यापासूनची. यंत्राचा ब्रश असला की शेवटी म्हणायची. मग संध्याकाळी कळतं, आपले किती, त्याचे किती.” आत्या मोरीत कप विसळू लागली. “आजचे सांगू? आत्तापर्यंत एकशे चव्वेचाळीस.”

बारा वर्षं रोज संध्याकाळी या हॉलात बिनचूक नोंद होत होती. फक्त ती वहीत नव्हती. आणि ती गळ्यात होती, म्हणजे सल्लागाराच्या भाषेत ती नव्हतीच.

आत्याच्या उजव्या अंगठ्यावर तारेने पाडलेली खाच होती, खोल, गुळगुळीत, पाण्यात चमकणारी. यंत्राची झीज दरवर्षी मधली नियमाने लिहायची. एवढं यंत्र झिजलं, एवढं उरलं. कायदाच होता तसा. त्या अंगठ्यासाठी कुठल्या तक्त्यात रकाना नव्हता.

“आत्या, तुम्ही काही म्हणत का नाही? भांडा ना.”

“कुणाशी? आकड्याशी?” आत्या हसली. “अगं, थोरल्याने काढलेला आकडा असता तर मी त्याची चामडी लोळवली असती. सरांनी काढलेला असता तर टायला धरून बाहेर काढलं असतं. पण तक्ता तुझा आहे. तू कधी एक कवडी इकडची तिकडे केली नाहीस. तू म्हणतेस तोटा आहे म्हणजे असणार. मीच कुठेतरी कमी पडले असेन. तारच जास्त वापरली असेल, नाहीतर पोरींना जास्त सूट दिली.” तिने कप पालथे घातले. “बारा वर्षं रात्री पडल्या पडल्या शोधते गं. सापडत नाही.”

मधलीने ट्रे खाली ठेवला.

बारा वर्षांपूर्वीचा तो रविवार तिला दिसला. नवीन यंत्र येऊन वर्ष झालं होतं. थोरल्यांनी हट्टाने, कर्ज काढून आणलेलं यंत्र. बँकेला दुसरा हप्ता द्यायच्या आधी प्रत्येक विभागाचा वेगळा हिशेब हवा होता. हिशेब काढला तर यंत्र तोट्यात. थोरले दोन दिवस खोलीच्या बाहेर आले नव्हते. अण्णा तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि तो खर्जातला आवाज पहिल्यांदाच खाली आला. “सूनबाई, काही करता येईल का? पोराने जीव लावलाय त्या यंत्राला.”

आणि तिला करता आलं. तीच तर तिची हुशारी. कचेरी, गाडी, फोन, पाहुण्यांच्या राहण्याचा खर्च, हा सगळा सामाईक खर्च आजवर विक्रीच्या प्रमाणात वाटला जाई. ज्याची विक्री मोठी त्याच्यावर भार मोठा, आणि विक्री यंत्राची मोठी. ती म्हणाली, “अण्णा, विक्रीऐवजी जागेवर वाटू या. यंत्राला जागा किती लागते? एवढीशी. हॉल केवढा पसरलाय.” कुठल्याही पुस्तकात ही पद्धत सापडते, कुणी बोट ठेवू शकत नाही. एकूण बेरजेत एक पैचा फरक पडत नाही, त्यामुळे बाहेरचा तपासनीस तिकडे बघतही नाही. फक्त तोटा या खोलीतून उठून त्या खोलीत जाऊन बसतो.

त्याच रविवारी सासरा आणि सून टेप घेऊन हॉल मोजत फिरले होते. टेपचं एक टोक तिने धरलं होतं, दुसरं त्यांनी. तीन चतुर्थांश जागा हॉलाची निघाली. अण्णा खूश झाले. “यंदापुरतं हं,” म्हणाले. “आणि थोरल्याला कधी सांगू नकोस.” त्या वर्षी त्यांनी तिच्या नावावर दहा शेअर केले. जाऊबाईंना नाही, बहिणीला नाही, तिला. टेबलाभोवतीची खुर्ची तिला त्या टेपने मिळाली होती.

पुढच्या वर्षी तिने जुन्याच तक्त्याची प्रत काढली, वरची तारीख आणि आकडे बदलले, वाटणी तीच ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षीही. अण्णा गेले, प्रत राहिली. दरवर्षी ती तक्त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने जुन्या पद्धतीने आकडे मांडायची, बघायची आणि खोडरबराने पुसायची. सहा लाखांचा तोटा कुणाला दुखतोय? सगळा घरातलाच तर मामला. हॉलाला कुठे पोट असतं?

“अगं, चल,” तिचा नवरा दारातून म्हणाला. “दादा थांबलाय. वाचायला बोलावतोय.” मग आत्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने आवाज खाली आणून: “हे बघ, मी आत्याच्या बाजूचाच आहे. पण एकट्याने किती ताणायचं? दादाचंही बरोबर आहे. तू काय म्हणतेस?”

“अहो, तुम्ही गेल्या अठरा वर्षांत कुणाला तरी ‘तुझं चूक आहे’ म्हणालात का?”

त्याने खरंच आठवून पाहिलं. “नसेन,” तो म्हणाला.

टेबलाशी सगळे आपापल्या जागी बसले. आत्या काचेच्या दाराला टेकून उभी राहिली, हात पदराला पुसत. मधलीने तक्ता उचलला आणि वाचायला सुरुवात केली. विक्री, माल, मजुरी, वीज. अण्णा शिकवून गेले होते तसं, सावकाश, प्रत्येक आकड्यानंतर श्वास घेऊन. “सामाईक खर्च वीस लाख. त्यातला हॉलाच्या वाट्याचा पंधरा लाख. यंत्रघराच्या वाट्याचा पाच लाख.” तिला वाटलं, आता कुणीतरी विचारेल, पंधराच का? कुणी विचारलं नाही. अण्णा आकडे वाचून घेत, पण आकडा कुठून आला हे विचारायची पद्धत त्यांनी कधी घालूनच दिली नव्हती. “यंत्रघर, नफा आठ लाख. हॉल, तोटा सहा लाख चाळीस हजार. एकूण नफा एक लाख साठ हजार.”

“आणि ठराव,” थोरले म्हणाले. “हॉल येत्या महिन्याच्या अखेरीस बंद. बायकांना नियमाप्रमाणे देणं देऊन मोकळं करायचं. आत्याला माझ्याकडे वरची खोली. एसी बसवून देतो.”

“ती खोली किती फूट आहे रे?” आत्याने दारातून विचारलं.

“आत्या!”

“नाही, म्हटलं, तिथे माझ्यावर किती खर्च बसेल ते कळायला हवं.”

थोरल्यांनी मोठा श्वास घेतला. “चला. धाकटीपासून.”

नणंद नखांकडे बघत म्हणाली, “बरोबर.” मग घाईघाईने, “म्हणजे, वाईट वाटतंय, पण बरोबर.”

“वाईट वाटणं लिहायचं नसतं,” थोरले म्हणाले. “पुढे.”

मधल्याने बायकोकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

“तोंडाने,” थोरले म्हणाले. हुबेहूब अण्णा.

“बरोबर,” मधला म्हणाला.

“माझंही बरोबर.” थोरल्यांनी पेनाचं टोपण काढलं. “मधले, तू म्हण की सह्या करू. सरांची सहाची गाडी आहे.”

काचेपलीकडे बाया बारावं कडवं संपवत होत्या. त्यामागून ती टकल्या बाळाची ओळ आली आणि दोघीजणी खळखळून हसल्या. आणखी अठरा. एकशे बासष्ट, मधलीच्या मनात आलं. तिने तक्ता टेबलावर ठेवला.

“बरोबर नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“बरोबर नाही, म्हटलं.”

सल्लागार सावरून बसला. “मॅडम, मी टोटल तीनदा चेक केलीये.”

“बेरीज बरोबरच आहे. बेरीज नेहमीच बरोबर असते.” तिने तक्ता उलटा केला. पाठीमागे पेन्सिलीचे आकडे होते. या वर्षीचे तिने पुसले नव्हते. का, ते तिला आतापर्यंत कळलं नव्हतं. “सर, एक सांगा. हॉल बंद झाला की त्याच्या वाट्याचे पंधरा लाख कुठे जातात?”

“ते... सेव्ह होतात.”

“दादांची गाडी विकायची ठरलीये? तुमची फी? कचेरीचं भाडं?”

सल्लागाराने थोरल्यांकडे बघितलं.

“तसं काही ठरलेलं नाही,” थोरले म्हणाले.

“मग हे वीसच्या वीस लाख यंत्रावर येणार. यंत्र कमावतं तेरा. पुढच्या वर्षी याच टेबलावर मी सात लाखांचा तोटा वाचणार, आणि तेव्हा बंद करायला हॉल नसणार. आज हॉल जो साडेआठ लाखांच्या वर हातात आणून देतो, तेही गेलेले असणार.”

“हे तू आज सांगतेस?” थोरल्यांचा आवाज चढला. “बारा वर्षं तुझ्याच सहीने तोटा येतोय. बारा वर्षं! आणि आता म्हणतेस बरोबर नाही? कुणी शिकवलं? आत्याने? आत्ता आत जाऊन काय ठरवून आलात दोघी?”

“दादा, आवाज कशाला...” मधला म्हणाला.

“तू गप्प बस रे. तू आत्ताच बरोबर म्हणालायस.”

“वहिनी, अगं असं मध्येच काय?” नणंद म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोरून एक फ्लॅट निघून चालला होता. “आत्तापर्यंत सगळं छान चाललं होतं.”

आत्या दारातून पुढे आली होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती मधलीकडे बघत होती, गाण्यात एखादं भोक चुकल्यावर पोरीकडे बघायची तशी. शांत. वाट बघत.

“मधले,” ती म्हणाली, “तोटा माझा नाही, तर कुणाचा आहे?”

टेबलावरचा पांढरा कागद एका कोपऱ्याला फडफडला. मधलीला टेपचं ते टोक पुन्हा हातात आल्यासारखं वाटलं. दुसरं टोक धरणारं आता कुणी नव्हतं. दहा शेअर, ही खुर्ची, ‘हुशार सून’ हे नाव, अठरा वर्षांत मिळवलेलं सगळं त्या एका पट्टीवर मोजलेलं होतं. तिने पेन्सिलीचा आकडा थोरल्यांपुढे सरकवला. ते बघेनात, म्हणून तिने मोठ्याने वाचला. सावकाश. तोंडाने.

“हॉल, नफा तीन लाख साठ हजार. यंत्रघर, तोटा दोन लाख. दादा, तुमचं यंत्र पहिल्या वर्षापासून तोट्यात आहे. अण्णांना माहीत होतं. मला माहीत होतं. तुम्हाला कळू नये म्हणून मी हॉल टेपने मोजला आणि तुमचा तोटा उचलून आत्याच्या नावावर ठेवला.”